काडीमाणसांच्या राज्यात

मागच्या भागात म्हटलं होतं ना, एका जुन्या गेमबद्दल बोलेन म्हणून, तर आज तोच. 'किंगडम ऑफ लोदिंग'. २००३ पासून चालू आहे, ब्राउझरमध्येच खेळायचा, फुकट. चित्रं म्हणाल तर पांढऱ्यावर काळ्या रेघा. आपण वहीच्या मागच्या पानावर काढायचो ना, तसली काडीमाणसं. मग त्यात आहे काय? वाक्यं आहेत.

कथा नेहमीचीच. चेटकिणीनं राजाला कैद केलंय, आपण सोडवायचं. इंग्रजीत कैद केलेला म्हणजे 'इम्प्रिझन्ड'. पण इथला राजा अडकलाय लोलकात, म्हणजे प्रिझममध्ये, म्हणून तो 'इम्प्रिझम्ड'! सुरुवातीचे धडे देतो एक पक्षी, नाव टूट ओरिओल. जरा मोठ्यानं म्हणून बघा. टूट-ओरिओल... ट्यूटोरिअल! हे मला कळायला दोन महिने लागले, हसू नका. नायकांचे प्रकारही असलेच: शेवयांवर मंत्र टाकणारा पास्तामॅन्सर, ॲकॉर्डियन चोर, कासवं माणसाळवणारा. आणि मोहरांऐवजी चलन काय, तर मांस. राक्षस मारला की मांस मिळतं. इतर गेममध्ये लांडग्याच्या पोटातून सोन्याची नाणी निघतात, त्यापेक्षा हे पटतं तरी.

लढाई पाळीपाळीनं होते. तुम्ही बटण दाबायचं, मग समोरचा वार करणार. आता बघा, धावपळीच्या गेममध्ये विनोद वाचायला वेळ कुठे असतो? इथे राक्षस थांबतो. तुम्ही चहा घेऊन या, वाक्य परत वाचा, शब्दकोश उघडा, तो उभाच. वार चुकला तरी एक वाक्य मिळतं, हरलात तरी मिळतं. त्यामुळे हरण्याचा राग येत नाही. खरं तर मी काही वेळा मुद्दाम हरलोय.

शब्दकोश उगाच नाही म्हटलं. मी मराठी माध्यमातला, जालन्याहून पुण्याला इंजिनिअरिंगला आलेलो. वर्गात इंग्रजीत प्रश्न आला की मी बेंचखाली पेन शोधायचो. लॅबमधल्या रडक्या नेटवर दुसरा गेम चालणं शक्यच नव्हतं, हा चालायचा, कारण नुसती वेबपेजेसच. तोवर माझ्यासाठी इंग्रजी म्हणजे साहेबाची भाषा, चुकलं की लाज. आणि इथे कुणीतरी तीच भाषा वाकडीतिकडी करून तिच्याशी खेळत होतं.

त्यात एक गंमत. इतर खेळाडूंशी चॅट करायचं तर आधी 'साक्षरतेच्या वेदी'वर परीक्षा द्यायची. 'देअर' हा उच्चार एक, स्पेलिंगं तीन, कुठे कुठलं लिहायचं वगैरे. मी पहिल्यांदा नापास! हॉस्टेलवर जाऊन व्याकरणाचं पुस्तक काढलं, चौथ्या दिवशी पास झालो. सेमिस्टरच्या निकालाचा एवढा आनंद झाला नव्हता. मग चॅटवर गेलो आणि आठवडाभर एक अक्षर लिहिलं नाही. नंतर टूट ओरिओलची कोटी आत्ता कळली, असं लिहिलं. कुणीतरी उत्तर दिलं, मलाही वर्ष लागलं होतं. तोही अमेरिकन!

एक राहिलं. रोज ४० ॲडव्हेंचर मिळतात. खाऊन-पिऊन वाढवता येतात, पण दारू मर्यादेबाहेर गेली की त्या दिवसाचं खेळणं बंद. गेमचा नवा दिवस आपल्याकडे सकाळी नऊला सुरू होतो, म्हणजे नेमका पहिल्या लेक्चरला. आजकाल गेम तुम्हाला सोडत नाहीत. हा म्हणायचा, झालं आजचं, जा आता. अभ्यास मी त्यामुळेच थोडाफार केला, हे आईला सांगू नका.

न वापरलेली ॲडव्हेंचर साठतात, पण २०० पर्यंतच. मागच्या आठवड्यात कितीतरी वर्षांनी लॉगिन केलं. बरोबर २०० शिल्लक होती. सगळी मिळून पाच दिवसांची! त्यातली १६० उरलीयेत अजून. चला, भेटू पुढच्या भागात.