नाताळच्या भेटी किती असाव्या?



नाताळात मुलांस भेटी किती द्याव्या, असे आईबाप आम्हांस विचारतात. पूर्वेकडून आलेले मागी किती होते, हे संत मत्तय लिहीत नाही. भेटी मात्र तो नावानिशी सांगतो : सोने, ऊद व गंधरस. त्या तीन भेटींवरूनच पुढे लोक ‘तीन राजे’ म्हणू लागले. बाळ येशूस ज्या पुरल्या, त्या आमच्या लेकरांस थोड्या कशा व्हाव्या?

ही संख्या बाजारात जाण्यापूर्वीच ठरवावी, व सर्व भावंडांस ती सारखी असावी. ऋण काढून खेळणे आणू नये. ते फेडताना होणारी आईबापांची कुरकुर लेकरांच्या कानी पडतेच. आणि तिहींपैकी एक भेट लेकराने आपल्या हाताने शेजारच्या गरीब मुलास द्यावी. गव्हाणीत निजलेल्या प्रभूस तीच पोहोचते.