छोट्या पडद्यावरील स्पर्धा आणि लहान मुले

(जिल्हास्तरीय शिक्षक व पंचायत सदस्य मेळाव्यात जिल्हा माहिती अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ह्या मेळाव्याचे निमंत्रण घेऊन आलेल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनी मला व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा मी एखादी शासकीय योजना निवडीन अशी त्यांची अपेक्षा असावी. लहान मुलांनी दूरचित्रवाणीवरील गाण्याच्या आणि नाचाच्या स्पर्धांत उतरावे की नाही, ह्याविषयी बोलेन असे मी म्हणताच ते क्षणभर थांबले. ह्या प्रश्नाशी पंचायतीचा संबंध काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. तो संबंध आहे, आणि तो मला माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळे कळला. म्हणून प्रथम ती चूकच सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका जिल्ह्यात होतो. तेथील एका लहान गावची नऊ वर्षांची मुलगी एका वाहिनीवरील गीतस्पर्धेसाठी निवडली गेली. वडील गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवीत. त्यांच्या मांडीला टेकून बसून ती अभंग म्हणायला शिकलेली. तिची निवड झाली आणि सारा तालुका हलला. एस. टी. स्थानकासमोर तिच्या छायाचित्राचा भला मोठा फलक लागला. ग्रामसभेत अभिनंदनाचा ठराव झाला. तिला जास्तीत जास्त मते द्यावीत असे आवाहन करणारी जी बातमी सर्व स्थानिक वृत्तपत्रांत झळकली, ती मी लिहिली होती. 'तालुक्याची मान उंचावणारी सुकन्या' हा मथळाही माझाच. एका खाजगी वाहिनीच्या मतदानासाठी शासकीय कार्यालयाने आवाहन करावे काय, हा विचार त्या वेळी मनाला शिवलाही नाही.

तीन आठवड्यांनी ती स्पर्धेतून बाहेर पडली. फलक मात्र पावसाळा संपेपर्यंत तेथेच होता. त्याचा एक कोपरा सुटून वाऱ्यावर फडफडत असे. पुढे एका योजनेच्या छायाचित्रणासाठी त्याच शाळेत जाण्याचा योग आला. परिपाठ चालू होता, मुले प्रार्थना म्हणत होती. ही मुलगी रांगेत उभी होती, पण तिचे ओठ मिटलेले होते. मी वर्गशिक्षिकेला विचारले. त्या म्हणाल्या, "साहेब, ती आता गात नाही. परत आली त्या दिवशी वर्गातल्या एका मुलानं विचारलं, आपण सगळ्यांनी सांगूनसुद्धा तुला मतं का मिळाली नाहीत? तेव्हापासून हे असं आहे. आम्हीही आग्रह करीत नाही."

ह्या सभागृहात निवडणूक लढविलेली बरीच मंडळी बसलेली आहेत. पराभव म्हणजे काय, हे मी त्यांना सांगण्याची गरज नाही. आपण जाणते असतो, आपल्या इच्छेने उभे राहिलेले असतो, आणि पाच वर्षांनी पुन्हा संधी आहे हेही आपल्याला ठाऊक असते. तरीसुद्धा निकालानंतर चार दिवस पारावर जाऊन बसणे जड जाते. त्या मुलीला आम्ही सर्वांनी मिळून तालुक्याचा उमेदवार केले होते, आणि तिला ते कोणी विचारलेही नव्हते. गाणे तिचे होते. निवडणूक आमची होती.

मूल शाळेच्या स्नेहसंमेलनात गाते, भजन स्पर्धेत गाते, वक्तृत्व स्पर्धेत बोलते. त्या स्पर्धाच नव्हेत काय, असा प्रश्न एका उपसरपंचांनी मला मागे विचारला होता. प्रश्न योग्य आहे. मी स्वतः आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत तीन वेळा हरलेला मनुष्य आहे, आणि त्याने माझे काही वाकडे झाले नाही. उलट चौथ्या वर्षी पाठांतर सोडून बोलायला शिकलो. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धा घ्या. तेथेही परीक्षक असतात, गुण असतात, कोणी पहिले येते आणि बाकीचे मागे राहतात. परंतु तेथे मूल संघाबरोबर जाते, संघाबरोबर हरते, परतीच्या गाडीत सर्वांबरोबर डबा खाते आणि सोमवारी वर्गात येऊन बसते. परीक्षक त्याच्याविषयी काय म्हणाले, हे फार तर पन्नास माणसांनी ऐकलेले असते.

छोट्या पडद्यावरील स्पर्धेची घडण निराळी आहे. तासाभराच्या भागासाठी चित्रण अनेक तास चालते. त्यातून काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे संकलनाच्या खोलीत ठरते. मूल गात असताना एक कॅमेरा त्याच्यावर आणि दुसरा आईच्या चेहऱ्यावर रोखलेला असतो, कारण आईच्या डोळ्यांतले पाणी हाही कार्यक्रमाचाच भाग असतो. निकाल सांगण्यापूर्वी मुद्दाम विलंब लावतात, पाठीमागे धीरगंभीर वाद्ये वाजतात, आणि त्या लांबविलेल्या क्षणात मूल हातावर हात घट्ट दाबून उभे असते. प्रौढ प्रेक्षकाला हे नाट्य आहे हे कळते. आठ वर्षांच्या मुलाला ते कळत नाही. त्याच्या लेखी ते खरेच असते. पूर्वी निदान कार्यक्रम संपला की संपला. आता तोच तुकडा महाजालावर राहतो. ज्या क्षणी आपण रडलो तो क्षण वर्गातील कोणीही मोबाईलवर पुन्हा पुन्हा लावू शकतो, अशा जगात हे मूल मोठे व्हायचे आहे.

गाण्यांची निवड हा आणखी एक भाग. विरहाची आर्त गीते आणि शृंगाराच्या लावण्या आठ-नऊ वर्षांची मुले हावभावांसह सादर करतात, आणि समोर बसलेले जाणते रसिक टाळ्या वाजवितात. ह्यात मुलांचा काही दोष नाही. नृत्याच्या कार्यक्रमांत हे इतके वाढले की माहिती व प्रसारण मंत्रालयाला १८ जून २०१९ रोजी खाजगी वाहिन्यांसाठी सूचनापत्र काढून, मुलांना अशोभनीय आणि वयाला न साजेशा रीतीने दाखवू नये, असे सांगावे लागले. सूचनापत्रावर मी अधिक बोलत नाही; काय दाखवावे हे वाहिनीच्या हाती, आणि काय पहावे हे आपल्या.

दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. २००८-०९ साली झी मराठीवर 'सा रे ग म प'चे 'लिटल चॅम्प्स' हे पर्व झाले, तेव्हा आपल्यापैकी कितीजण त्या वेळी घराबाहेर पडत होते, हे आठवून पहावे. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत ही पाच मुले 'पंचरत्ने' म्हणून घराघरांत पोचली. नाट्यगीत आणि अभंग ह्यांकडे न वळणारी एक पिढी त्या मुलांमुळे ते ऐकू लागली, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आळंदीची कार्तिकी विजेती ठरली. पुढे २०२१ साली हेच पाचजण नव्या पर्वात परीक्षकांच्या जागी बसले. तेव्हा अशा कार्यक्रमांनी मुलांचे वाटोळेच होते, असे म्हणणाऱ्यांत मी नाही. त्याहीपूर्वी १९९६ साली दूरदर्शनवरील 'मेरी आवाज सुनो' ह्या स्पर्धेत सुनिधी चौहान वयाच्या तेराव्या वर्षाच्या आसपास विजयी झाली होती, आणि पुढे तिने काय केले ते सर्वज्ञात आहे. पण ही नावे आपल्याला ठाऊक आहेत ती त्यांचे भले झाले म्हणूनच. पहिल्या फेरीत, तिसऱ्या फेरीत परत गेलेल्या मुलांची नावे मला आठवत नाहीत, आपल्यालाही आठवणार नाहीत. त्यांच्या गावांना मात्र ती आठवतात.

लहान वयातील कीर्ती ही महाराष्ट्राला नवीन गोष्ट नाही. संगीत नाटक मंडळ्यांत कोवळ्या आवाजाची मुले असत, रात्ररात्र जागत, आणि आवाज फुटला की त्यांचे कंपनीतील स्थान डळमळे. तेरा-चौदाव्या वर्षी मुलाचा आवाज बदलतो हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. ज्या आवाजासाठी सारे जग टाळ्या वाजवीत होते तो आवाजच एके दिवशी नाहीसा होतो, तेव्हा त्या मुलाला कोणी समजावून सांगायचे? ह्या संदर्भात मला नेहमी कुमार गंधर्वांची आठवण होते. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेला हा मुलगा सात-आठ वर्षांचा असल्यापासून मैफिली गाजवीत होता. मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तो जशाच्या तशा गात असे. लोकांनी त्याला गावोगाव नेले. दूरचित्रवाणी तेव्हा असती तर त्याने सर्व स्पर्धा जिंकल्या असत्या ह्यात शंका नाही. पण १९३६ च्या सुमारास त्याला मुंबईत प्रा. बा. र. देवधर ह्यांच्याकडे शिकण्यासाठी ठेवण्यात आले. सर्व देशाला ज्याचे कौतुक होते तो मुलगा विद्यार्थी झाला आणि वर्षानुवर्षे शिकत राहिला. नकलेपलीकडचे त्याचे स्वतःचे गाणे त्यानंतरचे आहे. बाल वयातील टाळ्यांनी कुमार गंधर्व घडविले की टाळ्यांनंतरच्या विद्यार्थिदशेने, ह्याचा निवाडा संगीतातील जाणकारांनी करावा. माझे मत आपल्या लक्षात आलेच असेल.

आता कायद्याकडे येतो, कारण त्यातील बऱ्याच गोष्टी ह्या सभागृहातील मंडळींच्या हाती आहेत आणि त्या फारशा कोणाला ठाऊक नाहीत. बालकामगारविषयक अधिनियमात २०१६ साली सुधारणा झाली. चौदा वर्षांखालील मुलांना काम करण्यास सरसकट मनाई करताना, चित्रपट, दूरचित्रवाणी आणि तत्सम क्षेत्रांतील बालकलाकारांना त्यातून सवलत देण्यात आली, मात्र शाळेच्या शिक्षणावर परिणाम होता कामा नये ही अट घालून. २०१७ च्या नियमांत ह्या अटी तपशीलवार आल्या. मुलाचे काम दिवसाला पाच तासांहून अधिक नसावे आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांपेक्षा जास्त नसावे. सलग २७ दिवसांहून अधिक काम घेता येत नाही. दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती हवी. मुलाच्या उत्पन्नापैकी किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जमा झाली पाहिजे. चित्रण ज्या जिल्ह्यात व्हायचे तेथील जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घेतली पाहिजे आणि नमुना 'क' मध्ये हमीपत्र दिले पाहिजे. त्याची मुदत सहा महिने. आणि एक वाक्य असे आहे की ते मी दोनदा वाचले: मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला सहभागी करून घेता येणार नाही. पालकांची संमती वेगळी आणि मुलाची इच्छा वेगळी, हे कायद्याने मानले आहे.

मुख्याध्यापकांसाठी त्याच नियमांत आणखी एक तरतूद आहे. एखादे मूल काही न कळविता सलग तीस दिवस गैरहजर राहिले, तर मुख्याध्यापकांनी संबंधित नोडल अधिकाऱ्यांना ते कळविले पाहिजे. आपल्या शाळेतून स्पर्धेला गेलेल्या मुलाचा रजेचा अर्ज बहुधा 'मुंबई येथे कार्यक्रम' एवढ्याच शब्दांचा असतो, आणि अभिमानापोटी आपण तो मंजूर करतो. किती दिवस? बुडालेला अभ्यास कोण घेणार? रात्री चित्रण असते काय? सोबत कोण आहे? हे विचारणे म्हणजे मुलाच्या वाटेत काटे पेरणे नव्हे. विचारणारे कोणी आहे एवढे कळले तरी पलीकडची मंडळी सावध होतात.

काम दुसऱ्या रीतीनेही करता येते ह्याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. अमोल गुप्ते ह्यांनी 'स्टॅनली का डब्बा' हा २०११ साली प्रदर्शित झालेला चित्रपट मुलांच्या शनिवारच्या कार्यशाळांतून, दिवसाला चार-पाच तासच काम घेऊन चित्रित केला. मुलांची शाळा बुडाली नाही. त्याला वेळ अधिक लागला, एवढेच.

माझे मत विचाराल तर ते असे: लहान मुलाने दूरचित्रवाणीवर गावे, अवश्य गावे. पण बारा वर्षांखालील मुलाला जनतेच्या मतांवर उभे करून दर आठवड्याला एकेकाला घरी पाठविण्याचा जो प्रकार आहे, त्यात आपल्या गावच्या मुलाला पाठवू नये. पालकांचा हट्टच असेल, तर आपण गाव म्हणून त्यात उतरू नये. फलक लावू नये, ठराव करू नये, मतांसाठी फेऱ्या काढू नयेत. मूल गेले तर शांतपणे जाऊ द्यावे, आणि परत येईल तेव्हा नेहमीसारखे वर्गात बसू द्यावे. सत्कार करायचाच तर ते परतल्यावर, आणि त्याच्या गाण्याबद्दल करावा. कितव्या फेरीपर्यंत पोचले ह्याचा उच्चार करू नये. बारा हा आकडा कोणत्या शास्त्रातून आणला असे विचारू नका. तो माझ्या अनुभवाचा अंदाज आहे. कोणी दहा म्हणेल, कोणी चौदा म्हणेल. त्यावर मी भांडणार नाही.

माझ्या कार्यालयापुरते बोलायचे तर मतांचे आवाहन करणारी बातमी त्यानंतर आमच्याकडून गेलेली नाही. गेल्या वर्षी एक पालक त्यासाठी आले होते, रागावूनच परत गेले. त्या मुलीविषयी सांगायचे राहिले. मी बदलून येण्यापूर्वी तिच्या वडिलांना भेटलो होतो. ती घरी पेटीवर बोटे फिरवते, असे ते म्हणाले. म्हणते मात्र काही नाही. मी पुढे काही विचारले नाही.

नमुना 'क' आणि नियमांच्या प्रती बाहेर हजेरीपत्रकाच्या टेबलावर ठेवल्या आहेत. मुख्याध्यापकांनी जाताना एकेक घेऊन जावी, आणि ज्यांच्या शाळेतील मूल सध्या अशा कार्यक्रमात आहे त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावे.