नदीकाठच्या पंपाची वायर का तापते?



कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी घेऊन पंचगंगा नरसोबाच्या वाडीस कृष्णेला मिळते. या वाटेवर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी अडविलेले पाणी काठावरचे विजेचे पंप उसाच्या मळ्यांकडे चढवीत असतात. अनेक गावांची नळपाणी योजनाही अशाच पंपावर अवलंबून असते. मोटार जळाली की ती रिवायंडिंगसाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाते, पैसे खर्च होतात, आणि पुष्कळदा थोड्याच दिवसांत तीच मोटार पुन्हा जळते. तेव्हा कारागिरास बोल लावला जातो. परंतु मूळ दोष मोटारीत नसून तिच्यापर्यंत वीज आणणाऱ्या वायरीत, त्यातही वायरीच्या जोडात असू शकतो, याकडे लक्ष जात नाही.

तारेतून विद्युतधारा वाहताना थोडी उष्णता निर्माण होणारच. ही उष्णता तारेच्या रोधावर आणि धारेच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणजे धारा दुप्पट झाली तर उष्णता चौपट होते. पाच अश्वशक्तीची तीन फेजची मोटार पूर्ण भारावर सुमारे साडेसात अँपिअर धारा घेते. अडीच चौरस मिलिमीटरच्या दोनशे मीटर तांब्याच्या तारेचा रोध दीड ओहमच्या आसपास असतो. त्यात सुमारे ऐंशी वॅट उष्णता निर्माण होते. परंतु ती दोनशे मीटर लांबीवर पसरलेली असल्याने हाताला जाणवतही नाही. आता याच वायरीत एक सैल, गंजलेला जोड आहे आणि त्याचा रोध केवळ एक ओहम आहे असे धरू. तेथे छप्पन्न वॅट उष्णता इंचभर जागेत साठते. साठ वॅटचा जुना दिवा बंद पेटीत कोंडून रात्रभर जळत ठेवण्यासारखेच हे झाले. आधी वरचे आवरण काळे पडते, मग ठिसूळ होते. जोड तापला की त्याचा रोध वाढतो आणि तो आणखी तापतो.

छोट्या नावेला लावलेल्या बॅटरीच्या मोटारीत हाच प्रकार अधिक तीव्रतेने दिसतो. तेथे दाब अवघा बारा व्होल्ट असतो, त्यामुळे सहाशे वॅटच्या मोटारीस पन्नास अँपिअर धारा लागते. एवढ्या धारेला ओहमचा पन्नासावा भागदेखील पुरतो; तेवढ्या रोधाचा जोड पन्नास वॅट उष्णता देतो. म्हणून नावेच्या मोटारीला जाड आणि शक्य तितकी आखूड वायर वापरतात, आणि बॅटरीच्या टोकांवरील पांढरा-हिरवा थर वेळोवेळी खरवडून काढतात.

नदीकाठी जोड बिघडण्याची कारणे ठरावीक आहेत. पिळा देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला जोड हे पहिले. दुसरे म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याची तार थेट जोडणे. ओलाव्यात हा संयोग फार लवकर कुजतो, तेथे दोन्ही धातूंना चालणारे थिंबलच हवे. तिसरे, मोटारीच्या हादऱ्याने ढिले होणारे स्टार्टरचे स्क्रू. असा जोड शेवटी तुटतो आणि तीनपैकी एक फेज जाते. चालू मोटार मात्र थांबत नाही. भार तोच असल्याने ती उरलेल्या दोन फेजमधून सुमारे पावणेदोन पट धारा ओढते आणि रात्रीच्या पाळीत, कोणी जवळ नसताना, जळून जाते.

यावर योजला जाणारा सर्वांत घातक उपाय म्हणजे किटकॅटमध्ये जाड तार घालणे. फ्यूज वारंवार जातो म्हणून फ्यूजच निकामी करायचा, हा व्यवहार समजण्यासारखा असला तरी क्षम्य नाही. ओव्हरलोड रिले बांधून ठेवणे हाही त्याच जातीचा उद्योग. वायर तापते आहे हे सांगणारा एकुलता एक पहारेकरी त्यामुळे मुका होतो.

दोष शोधण्याची रीत साधी आहे. ते काम मात्र परवानाधारक वीजतंत्र्याकडूनच करून घ्यावे. मोटार भारावर चालू असताना टाँगटेस्टरने तिन्ही फेजची धारा मोजावी. एका फेजमध्ये ती लक्षणीय कमी-जास्त असेल, तर त्या फेजचा प्रत्येक जोड तपासावा. स्टार्टरच्या आधी आणि मोटारीच्या टोकाशी दाब मोजला की तो वाटेत किती गळतो ते कळते. मग मुख्य स्विच बंद करून रंग बदललेले, जळका वास येणारे टोक निरोगी तांबे लागेपर्यंत कापावे, थिंबल दाबून बसवावे आणि स्क्रू घट्ट करावा. नुसती नवी पट्टी गुंडाळणे म्हणजे दुखणे झाकणे होय. सारी वायरच भाराच्या मानाने बारीक असेल, तर जोड दुरुस्त करूनही भागत नाही; ती बदलावीच लागते.

पुरानंतर या तपासणीस विशेष महत्त्व येते. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये नदीने या दोन्ही पातळ्या ओलांडल्या. अशा पुरात बुडालेली केबल वरून सुकलेली दिसते, पण उघड्या टोकातून शिरलेले पाणी आत तारेच्या पदरांत टिकून राहते. पाणीपुरवठा कर्मचाऱ्यावर गावातून घाई होते आणि तो ओल्या जमिनीवर उभा राहून स्टार्टर दाबतो. ग्रामपंचायतीने ही घाई होऊ देऊ नये. आधी अर्थिंगची जोडणी पाहावी, मग केबल आणि मोटार मेगरने तपासावी. रोध एक मेगओहमहून कमी भरल्यास ती वाळवावी व पुन्हा मोजावी. पहिल्या दिवशी तिन्ही फेजची धारा पंपघरातील वहीत लिहून ठेवावी. महिन्याने पुन्हा मोजल्यावर त्या आकड्यांशी ताडून पाहता येते.