भागीदारी : जीव लावावा, हिशेबही लिहावा
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



धंद्यावर बोलायला मला सांगितले, तेव्हा पहिले हसू आमच्या घरातच पिकले. सरकारी नोकराला परवानगीवाचून धंदा करता येत नाही. मी आयुष्यात वडापावची गाडीसुद्धा चालवलेली नाही. पण माझ्या कचेरीत भागीदारी फर्मची नोंदणी होते, त्यामुळे दोन माणसे एकत्र कशी येतात आणि कशी तुटतात, हे टेबलाच्या या बाजूने बरेच पाहिले आहे.

भागीदारी म्हटले की आपल्याला वाटते, दोघांनी पैसे घातले आणि नफा वाटून घेतला. मला किर्लोस्करवाडीची गोष्ट आठवते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईची मास्तरकी सोडली आणि बेळगावात थोरल्या भावाबरोबर, रामूअण्णांबरोबर, सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर आला. नांगर विकायला फार कष्ट पडले, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यातच बेळगावातली जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर जमीन दिली, कर्जही दिले आणि 1910 साली त्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा राहिला.

यात राजांना काय मिळाले? त्यांच्या छोट्या संस्थानात कारखाना आला, लोकांना काम मिळाले. लक्ष्मणरावांना जमीन आणि आधार मिळाला. आतही तसेच होते. यंत्रशाळा शंभूराव जांभेकरांनी सांभाळली, हिशेब मंगेशराव रेग्यांनी, वसाहतीची व्यवस्था रामूअण्णांनी. एकाजवळ होते ते दुसऱ्याजवळ नव्हते, म्हणून ते एकमेकांना धरून राहिले. दोघांजवळ एकच गुण असेल तर ती भागीदारी नव्हे, नुसती सोबत होते.

आपल्या शहरातलेही उदाहरण आहे. सनतनगरचे ऑल्विन तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात कधी ना कधी होते, फ्रिज म्हणून किंवा मनगटावरचे घड्याळ म्हणून. 1942 साली तो कारखाना सुरू झाला, तो निजाम सरकारच्या औद्योगिक निधीचा पैसा आणि एका व्यापारी घराण्याची धडाडी यांच्या जोडीने. घड्याळांसाठी पुढे जपानच्या सेइको कंपनीचे तंत्रज्ञान घेतले.

आता घरची गोष्ट सांगतो. आमच्या काकांचा काचीगुड्याकडे छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, आपल्यासारख्या मंडळांच्या स्मरणिका तिथे छापल्या जात. यंत्र काकांच्या पैशाचे होते. ते चालवणारे, रात्र-रात्र जागून काम उरकणारे त्यांचे तेलुगू मित्र होते. दोघे स्वतःला पार्टनर म्हणवत आणि महिनाअखेरीस गल्ला वाटून घेत. कागद एकही नव्हता. दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे जायचा, उगादीची पच्चडी आमच्याकडे यायची.

मित्र अचानक वारले. काकांनी छापखाना चालू ठेवला. काही महिन्यांनी त्यांच्या पत्नी हिशेब विचारायला आल्या. काका म्हणाले, "वहिनी, पैसा तर माझाच होता." त्या परत आल्या नाहीत. फराळ थांबला.

मी तेव्हा शाळेत होतो आणि काकांचे म्हणणे मला पटले होते. नोकरीत आल्यावर 1932 चा भागीदारी कायदा वाचला आणि पटेनासे झाले. तोंडी भागीदारीही भागीदारीच असते. वेगळे ठरले नसेल तर नफा-तोटा समान वाटायचा, भांडवल कोणी किती घातले हे न पाहता. दुसरे काही ठरले नसेल तर एक भागीदार वारला की फर्म संपते. उरलेल्याने हिशेब न मिटवता धंदा चालू ठेवला, तर वारलेल्याच्या वाट्यामुळे झालेला नफा किंवा त्या वाट्यावर सहा टक्के व्याज, यातले जे हवे ते मागण्याचा हक्क वारसांना असतो. म्हणजे त्या बाई उपकार मागायला आल्या नव्हत्या. देणे आमच्याकडे होते.

काका गेल्यावर चुलतभावाला घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. त्याही हयात नव्हत्या. मुलाने चहा दिला, आम्ही पुढे केलेले पाकीट घेतले नाही. "तुमचे काका एकदा घरी आले असते, तर अम्माला बरे वाटले असते," एवढेच म्हणाला. ते पाकीट परत आणताना जे वाटले, ते तुमच्यापैकी कोणाला वाटू नये म्हणून आज उभा आहे.

तेव्हा तरुण मंडळींना चार गोष्टी सांगतो. करार लिहा, आणि दोस्ती अगदी घट्ट असताना लिहा, कारण भांडण सुरू झाल्यावर कागदावर सही होत नाही. भांडवल कोणाचे, मेहनत कोणाची, पगार कोणाला, हे त्यात येऊ द्या. करारात नसेल तर भागीदाराला कामाचा पगार मागता येत नाही. कोणी वारले किंवा बाहेर पडले तर काय, हा अशुभ वाटणारा परिच्छेद आधी लिहा. फर्मची नोंदणी करा. ती नसेल तर येणे वसूल करायला कोर्टात उभे राहणे कठीण होते, मात्र दुसरा तुमच्यावर दावा लावू शकतो. आणि भागीदाराने केलेल्या धंद्यातल्या कर्जाला तुमचे घरदारही बांधलेले असते, हे विसरू नका. त्याची भीती वाटत असेल तर 2008 च्या कायद्याने आलेली मर्यादित दायित्वाची भागीदारी, म्हणजे एलएलपी, पाहा.

कोणी म्हणेल, लिहून घेतले म्हणजे विश्वास नाही. हिंदीत म्हण आहे, हिसाब जौ-जौ, बख्शिश सौ-सौ. हिशेब दाण्यादाण्याचा ठेवावा, मग द्यायचे तर शेकड्याने द्यावे. हिशेब चोख असेल तरच हात मोकळा सुटतो.

आपले हे मंडळसुद्धा भागीदारीच आहे. वर्गणी कोणाची, मखर कोणाचे, प्रसादाचा शिरा कोणाच्या घरचा. आणि विसर्जनानंतर खजिनदार जमाखर्च वाचून दाखवतात, तेव्हा आपण उठून जातो. यंदा तेवढा वेळ बसून ऐकूया.

गणपती बाप्पा मोरया!