स्वादुपिंडाची सूज आणि कॅन्सरची भीती

(यंदाच्या उत्सवात मंडपात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरती झाली आहे, प्रसाद यायचा आहे, आणि अशा वेळी मी पोटाच्या आजारावर बोलणार, याबद्दल आधीच क्षमा मागतो. पण विषय मंडळानेच सुचवला आणि त्याला कारणही आहे. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांना फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईच्या लीलावती रुग्णालयात दाखल केले, तेव्हा स्वादुपिंडाला सौम्य सूज असल्याचे सांगण्यात आले होते. पुढे त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे जाहीर झाले आणि १७ मार्च २०१९ रोजी ते गेले. तेव्हापासून कुणाच्या कागदावर 'पॅन्क्रियाटायटिस' लिहून आले की घरच्यांचा मला पहिला प्रश्न असतो, "डॉक्टरसाहेब, हा कॅन्सर तर नाही ना?"

उत्तर असे की, बहुतेक वेळा नाही. मात्र या 'बहुतेक'चा अर्थ समजून घ्यायला हवा.

स्वादुपिंड जठराच्या मागे, जवळजवळ पाठीला टेकून असते. लांबी साधारण सहा इंच. ते इन्शुलिन तयार करते आणि अन्न पचवणारा जहाल रस आतड्यात सोडते. हा रस आतड्यात पोचेपर्यंत निष्क्रिय असतो. काही कारणाने तो ग्रंथीतच जागा झाला, की ज्याने वरण-भात पचवायचा तोच रस ग्रंथीला पचवू लागतो. हाच तीव्र स्वादुपिंडदाह. वरच्या पोटात एकाएकी भयंकर दुखते, कळ पाठीत जाते, उलट्या थांबत नाहीत, पुढे वाकून बसले की थोडे बरे वाटते. याला 'गॅस' म्हणून ओवा-सोडा देत रात्र काढू नये. रक्तातले लायपेज किंवा अमायलेज तिपटीहून जास्त वाढलेले दिसले की निदान सोपे होते. दहापैकी आठ रुग्ण सलाईन, वेदनाशामक आणि देखरेख यांवर आठवड्याभरात सुधारतात. उरलेल्या दोघांचे दुखणे मात्र जिवावर बेतू शकते, म्हणून घरी थांबायचे नाही.

आता कारणे. सगळ्यात मोठी दोन, पित्ताचे खडे आणि दारू. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात एकाच तोंडाने उघडतात. तिथे मोहरीएवढा खडा अडकला तरी दोन्हीकडचा रस तुंबतो. आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. छत्तीसगडमध्ये आणि आपल्या विदर्भातही सिकलसेल बराच आढळतो. त्यात लाल पेशी लवकर फुटतात, पित्तात रंगद्रव्य साठते आणि कोवळ्या वयातच खडे होतात. म्हणून सिकलसेल असलेल्या मुलाचे पोट वारंवार दुखत असेल, तर 'क्रायसिस' म्हणून सोडून न देता एकदा सोनोग्राफी करून घ्यावी. दारूचे म्हणाल तर मोहाची असो की विलायती, स्वादुपिंडाला दोन्ही सारख्याच. रक्तातले ट्रायग्लिसराइड हजाराच्या वर गेले तरी दाह होतो. काही औषधांनीही होतो.

मग कर्करोगाचा संबंध कुठे येतो? दोन ठिकाणी. पहिला संबंध उलटा आहे. सुजेतून गाठ होत नाही, तर आधीपासून असलेली लहानशी गाठ नळी दाबते आणि त्यामुळे सूज येते. असे थोड्यांनाच होते, पण होते. शिवाय सूज भरात असताना स्कॅनमध्ये छोटी गाठ लपून जाऊ शकते. म्हणून माझा आग्रह असा, की रुग्णाचे वय चाळिशी-पन्नाशीच्या पुढे आहे, खडे नाहीत, दारू नाही, ट्रायग्लिसराइड ठीक आहेत, म्हणजे कारणच सापडत नाही, तर सूज उतरल्यावर चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा सीटी स्कॅन किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी झालीच पाहिजे. आपले लोक इथेच घोळ करतात. दुखणे थांबले, डिस्चार्ज झाला, कागद कपाटात गेले! डिस्चार्ज कार्डावर 'कारण' लिहिले आहे का ते पाहा. नसेल तर विचारा. विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

दुसरा संबंध जुनाट दाहाचा. वर्षानुवर्षे वारंवार सूज येऊन ग्रंथी कडक झाली, तर धोका वाढतो. एका मोठ्या पाहणीत अशा रुग्णांपैकी वीस वर्षांत शंभरात सुमारे चौघांना कर्करोग झाला. उरलेले शहाण्णव लक्षात ठेवा, पण सिगारेट-बिडी मात्र सोडा, कारण तिने हा धोका आणखी वाढतो. इथे घरोघरी सकाळी दाताला लावतात तो गुडाखूही तंबाखूच आहे. धूर न करणाऱ्या तंबाखूचाही स्वादुपिंडाच्या कर्करोगाशी संबंध आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केला आहे. बायका गुडाखूला व्यसन समजतच नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतो.

न दुखता झालेली कावीळ, पन्नाशीनंतर अचानक निघालेला मधुमेह आणि सोबत वजन उतरणे, पाठीत जाणारी न हटणारी कळ, यांपैकी काही असेल तर तपासणी लांबवू नका. भीतीपोटी सीए १९-९ ही रक्ततपासणी मात्र आपल्या मनाने करू नका. ती साध्या काविळीत आणि सुजेतही वाढते, आणि मग घरात उगाच रडारड होते.

व्याख्यानानंतर एका वहिनींनी विचारले, खड्यांमुळे सूज आली होती, डॉक्टर पित्ताची पिशवी काढायला सांगतात, पण ती काढली तर जेवण पचेल का? पचेल. पित्त यकृतात तयार होते, पिशवीत ते फक्त साठते. काही दिवस तळलेले कमी खावे लागेल, एवढेच. सौम्य सुजेनंतर हे ऑपरेशन शक्यतो त्याच मुक्कामात उरकावे. दिवाळीनंतर बघू म्हणत घरी गेलेल्यांपैकी काहीजण दिवाळीआधीच पुन्हा सूज घेऊन येतात.