जुन्या कार्डातला ठेवा नव्या कार्डात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी आज मला बोलायला उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषण कसे करतात ते मला ठाऊक नाही. पण मागे भजनाच्या दिवशी चार-पाच जणींच्या तोंडून एकच तक्रार निघाली. "फोनमध्ये जागा नाही म्हणून दाखवतो, मोठे कार्ड घालायचे आहे, पण जुन्यातले जाईल की काय याची भीती वाटते." तेव्हा मी मध्येच बोलून गेले आणि चिटणीसबाईंनी ते हेरले. तर आज त्याच विषयावर दोन शब्द सांगते. या विद्येत मी फार हुशार आहे असे कुणी समजू नये. माझे एकदा गेले आहे, एवढाच माझा अधिकार.

माझ्या सासूबाई आपल्यातल्या पुष्कळजणींना माहीत होत्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हते, पण ओव्या शेकड्यांनी पाठ. लग्न होऊन आल्या तेव्हा पहाटे उठून जात्यावर बसावे लागे, त्या वेळच्या. पुढे गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, पण ओव्या त्यांच्या तोंडात राहिल्या. २०२१ साली मी त्या फोनवर भरून घ्यायला सुरुवात केली. दुपारी कामे आवरली की मी फोन त्यांच्यापुढे ठेवायची. भावाच्या ओव्या, माहेरच्या, सीतेच्या, लेकीच्या. वर्षभरात पुष्कळ साठल्या. शिवाय नातवंडांचे फोटो, सराला बेटाच्या सप्ताहातली कीर्तने, सगळे एका सोळा जीबीच्या कार्डावर.

कार्ड भरले. मुलाने बत्तीसचे आणून दिले. मी म्हटले, एवढ्याशा कामाला कुणाला कशाला विचारायचे? फोनमध्ये दोन शब्द होते, 'कॉपी करा' आणि 'हलवा'. मला हलवायचेच होते, म्हणून 'हलवा' दाबले आणि सगळे आधी फोनच्या पोटात घेऊ लागले. फार वेळ लागला. मधे दूध उतू जाईल म्हणून उठले, परत आले तर पडदा काळा. मला वाटले काम झाले. मी तसेच कार्ड ओढून काढले. पुन्हा घातले तर फोन म्हणतो, कार्ड खराब आहे, फॉरमॅट करा. मला वाटले फॉरमॅट म्हणजे दुरुस्ती. मी 'हो' म्हटले.

भगिनींनो, फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. हा शब्द आज घरी जाताना पदराला गाठ मारून न्या.

चार दिवस मी सासूबाईंना सांगितले नाही. जेवताना त्यांच्याकडे बघवेना. शेवटी सांगितले. त्या म्हणाल्या, "गेलं तर गेलं, पोरी. मी अजून हाय ना? काढ ते जातं बाहेर." आम्ही जाते धुतले, मूठभर बाजरी टाकली, आणि त्या बसल्या. हात फिरू लागला तशा ओव्या येऊ लागल्या. पण सगळ्या नाही आल्या. भावाच्या ओव्यांची एक मोठी ओळ होती, ती मधेच तुटली. त्या थांबल्या, पुन्हा हात फिरवला, पुन्हा तिथेच अडले. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. २०२४ मध्ये त्या गेल्या. ती ओळ आता कुठेच नाही.

मागून माझ्या लेकीकडून कळले की पाटी पुसली तरी पुसट अक्षरे बहुधा राहतात. कार्ड तसेच बाजूला ठेवले असते, त्यावर नवे काही भरले नसते, तर जाणकाराला त्यातले काही परत काढता आले असते. मी मात्र त्याच कार्डावर लग्नातले फोटो काढून मोकळी झाले होते. म्हणून ही दुसरी गोष्ट ध्यानात ठेवा. चुकून पुसले गेले तर त्या कार्डाला हात लावू नका, त्यावर एकही फोटो काढू नका.

गेल्या वर्षी बत्तीसचे कार्डही भरले आणि एकशे अठ्ठावीसचे घ्यायचे ठरले. या खेपेला लेक पुण्याहून फोनवर सांगत होती आणि मी वहीत लिहून घेत होते. तीच वही आता वाचून दाखवते.

पहिले, आपला फोन केवढे कार्ड घेतो ते विचारून घ्यावे. बत्तीस जीबीपर्यंतच्या कार्डावर बारीक इंग्रजीत एचसी लिहिलेले असते, त्याहून मोठ्यावर एक्ससी. कित्येक जुन्या फोनांना एक्ससी चालत नाही. काही नव्या फोनांना कार्डाची जागाच नसते, आणि काहींत कार्ड घातले तर दुसरे सिम काढावे लागते.

दुसरे, स्वस्ताला भुलू नये. बाजारात खोटी कार्डे मिळतात. वर पाचशे बारा लिहिलेले असते, फोनही तेवढेच दाखवतो, पण आत जागा असते थोडी. ती भरली की पुढचे मुक्यानेच नाहीसे होते. पावती घेऊन खात्रीच्या दुकानातून घ्यावे, आणि आधी बिनमोलाच्या फाइली भरून, उघडून पाहाव्या. मात्र एकशे अठ्ठावीसचे कार्ड संगणकावर एकशे एकोणीसच्या आसपास दिसले तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या मापाने मोजते आणि संगणक एक हजार चोवीसच्या. पायली दोन प्रकारची, धान्य तेवढेच.

तिसरे, काय कार्डावर आहे आणि काय फोनच्या पोटात आहे ते पाहावे. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो आणि पुष्कळ फोनांतली आवाजाची मुद्रणे फोनच्या पोटातच असतात. नुसते कार्ड बदलून ती हलत नाहीत. ती निवडून कार्डावर घ्यावी लागतात.

चौथे, मुख्य काम. फोन निम्म्याहून अधिक चार्ज असावा. फोन बंद करूनच कार्ड काढावे. संगणक मिळाला तर उत्तम. कार्ड रीडर नावाचा लहानसा डबा मिळतो, त्यात जुने कार्ड घालून सगळे संगणकात घ्यावे, मग नवे कार्ड घालून तेच त्यावर घ्यावे. संगणक नसेल तर नवे कार्ड फोनमध्ये घालून, जुने रीडरमधून फोनच्या चार्जिंगच्या भोकाला जोडतात. पुष्कळ फोनांत हे चालते. दर वेळी 'कॉपी' दाबायचे, 'हलवा' कधीही नाही. आणि काम चालू असताना चुलीकडे जायचे नाही.

एक अपवाद सांगते. कधी कधी नवे कार्ड घालताना फोन विचारतो, हे फोनचीच अंतर्गत जागा म्हणून वापरू का? तसे 'हो' म्हटलेले कार्ड कुलूपबंद होते. ते त्या एका फोनखेरीज कुठेही वाचता येत नाही, संगणकावरही नाही. असे कार्ड असेल तर फोनच्याच सेटिंगमधून आतला मजकूर आधी काढून घ्यावा लागतो. ते काम जाणत्याला समोर बसवून करावे.

पाचवे, मोजणी. जुन्या कार्डात फाइली किती, नव्यात किती? एकूण वजन दोन्हीकडे सारखे आहे का? मग पहिली, मधली आणि शेवटची अशा काही उघडून पाहाव्या. मी तर सासूबाईंच्या सगळ्या ओव्या शेवटपर्यंत ऐकल्या. दोन दुपारी गेल्या त्यात. वाया गेल्या असे मात्र म्हणणार नाही.

सहावे, जुने कार्ड लगेच पुसू नये. कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून, काही महिने ठेवावे. आणि ज्यात आपले आधार, बँकेचे कागद, घरातले फोटो आहेत असे कार्ड दुकानात सोडून येऊ नये. आपल्या डोळ्यांदेखत काम करून घ्यावे.

आता कुणी म्हणेल, मोठे कार्ड आले, काळजी मिटली. तसे नाही. मोठी कणगी फुटली तर धान्यही जास्त सांडते. जपानच्या तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही स्मृती शोधून काढली. अतिबारीक कप्प्यांत विजेचा भार कोंडून ठेवायचा, म्हणजे वीज नसतानाही लिहिलेले टिकते. पण हे कप्पे वापराने झिजतात, आणि नुसते पडून राहिले तरी वर्षानुवर्षांत भार हळूहळू गळतो. लोणच्याची बरणी आपण अधूनमधून उघडून पाहतो की नाही, तसेच हे. आपल्या वैजापूरकडच्या जुन्या बाया बाजरीचे बियाणे राख आणि कडुलिंबाचा पाला घालून निराळ्या मडक्यात ठेवायच्या. खायचे धान्य एका जागी, बियाणे दुसऱ्या जागी. फोनमधल्यापैकी बियाणे कोणते, ते आपले आपण ठरवावे. रोजचे सुप्रभातचे फोटो खुशाल पुसा. आईचा आवाज दोन ठिकाणी ठेवा. माझे एक कार्ड इथे कपाटात आहे, त्याचीच नक्कल पुण्याला लेकीकडे.

हे वेड माझ्या एकटीचे नाही, हेही मला मागून कळले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांपैकी कितीतरी गाणाऱ्या बायांच्या आवाजात मुद्रित केल्या. पॉइत्वाँ २००४ मध्ये वारले, राईरकरबाई २०१० मध्ये. तरी ठेवा राहिला. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ओव्या इंटरनेटवर ऐकवायला सुरुवात केली. बायांच्या गळ्यातून वहीत, वहीतून संगणकात, फितीवरचा आवाज आता फोनवर. दर वेळी कुणीतरी नीट उतरवून घेतले म्हणून तो आपल्यापर्यंत आला. आपण कार्ड बदलतो तेव्हा त्याच कामातले एक पाऊल टाकत असतो.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपल्या प्रत्येकीच्या घरात कुणी ना कुणी म्हातारे माणूस आहे. त्यांच्या ओव्या, पाळणे, हळदीची गाणी भरून घ्या. महिन्यातून एक दुपार मंडळात फोन घेऊन या. मी कार्ड रीडर आणते, वही आणते, आपण मिळून कॉपी करू आणि मिळून मोजू. मंडळाच्या कपाटात एक कार्ड ठेवू, त्याची दुसरी नक्कल अध्यक्षीणबाईंच्या घरी. ज्यांना फोनचे काही येत नाही त्यांनी लाजू नये. मला तरी कुठे येत होते?

आमचे जाते मी पुन्हा कोपऱ्यात ठेवलेले नाही. ओटीवर आहे. कुणाला एखादी ओवी अडली तर येऊन बसा, हात फिरवून पाहा. कदाचित तुमच्यापैकी कुणाच्या तोंडी माझ्या सासूबाईंची ती तुटलेली ओळ असेलही.

बोलण्यात काही चुकले असेल तर पदरात घ्या. एवढे बोलून मी खाली बसते.