दोन मापे



आपल्यापैकी जी मंडळी वयाने वडील आहेत त्यांना जुना बाजार आठवत असेल. इतरांनी घरातल्या जाणत्या माणसांकडून ऐकले तरी असेल. काही व्यापारी दुकानात दोन मापे ठेवीत. शेतकऱ्याकडून धान्य घ्यायचे माप जरा मोठे, आणि तेच धान्य गिऱ्हाइकाला द्यायचे माप जरा लहान. नाव दोन्हींचे पायलीच! पुढे 1956 साली वजनमापांचा कायदा झाला. शेर-पायली जाऊन किलो आणि लिटर आले, वजनांवर सरकारी शिक्का बसू लागला, आणि लबाडीला पुष्कळ आळा बसला.

पण माणसाचे काम जोखायला आपण जी मापे वापरतो, त्यांच्यावर कोणाचाच शिक्का नाही. पुरुषाच्या कामाला एक माप आणि बाईच्या कामाला दुसरे, असा व्यवहार आपण रोज करतो, आणि तो लबाडीचा आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. आज त्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. दुसऱ्याच्या दुकानात डोकावण्याआधी मी माझ्याच दुकानातली मापे आपल्यापुढे मांडतो.

मी बरीच वर्षे एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. वर्षाअखेर प्रत्येक शिक्षकाचा गोपनीय अहवाल लिहायचा, हे माझे काम. आमच्याकडे एक गुरुजी होते आणि एक बाई होत्या. दोघेही कामाला चोख. एका वर्षी कोणी मोठे पाहुणे शाळेला भेट देणार होते, म्हणून मी आठवडाभर तास बंद ठेवून स्वागताची तयारी लावली. सहामाही परीक्षा तोंडावर आली होती. शिक्षकांच्या बैठकीत गुरुजी उठले आणि म्हणाले, “हे बरोबर नाही. पोरांचं नुकसान होतंय.” त्यांच्यामागून बाई उठल्या आणि हेच म्हणाल्या. आवाज चढला नाही, एक शब्दही वावगा गेला नाही. त्याच वर्षी गुरुजींनी वडिलांच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी चार दिवस रजा घेतली, आणि बाईंनी मुलाच्या तापासाठी चार दिवस.

मार्चमध्ये मी अहवाल लिहिले. गुरुजींच्या अहवालात लिहिले, ‘स्पष्टवक्ते व तत्त्वनिष्ठ.’ रजेचा उल्लेखही केला नाही, उलट चार लोकांत मीच म्हणालो होतो, “मुलगा असावा तर असा.” बाईंच्या अहवालात लिहिले, ‘वाद घालण्याची सवय आहे. सहकाऱ्यांशी जुळवून घेत नाहीत. घरगुती अडचणींमुळे कामात खंड पडतो.’

प्रतिकूल शेरा असला तर तो दाखवावा लागतो. बाईंनी तो वाचला, पोच म्हणून सही केली, आणि पुढच्या तासाला वर्गावर गेल्या. पुढे पदोन्नतीच्या वेळी ते कागद वर गेले. गुरुजींचे नाव लागले, बाईंचे मागे राहिले. मी निवृत्त होताना जुन्या फायली आवरल्या, तेव्हा दोन्ही प्रती एकाखाली एक निघाल्या. अक्षर माझे, शाई एक, वर्ष एक, आणि घडलेली गोष्टही एकच. मला स्वतःची लाज वाटली. बाजारातून शेर गेला, पण माझ्या हातातला शेरा तसाच खोटा राहिला होता. मी तो मुद्दाम लिहिला नव्हता, हे खरे. पण मुद्दाम न लिहिताही तो माझ्या हातून इतक्या सहज उतरला, हीच तर भिण्यासारखी गोष्ट आहे.

आपली रोजची बोलीच पाहा ना. पुरुष वर्गात करडा असला तर तो शिस्तीचा. बाई तशी असली तर खाष्ट. तो निर्णय झटकन घेतो तर धडाडीचा; तिने घेतला तर कोणाला विचारत नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतले तर तो धोरणी. तिने ऐकून घेतले तर तिला काही समजत नाही. शाळेत आपण पुरुषाला ‘गुरुजी’ म्हणतो आणि स्त्रीला ‘बाई’. ‘बाई’ या हाकेत माया आहे, मान आहे, हे मला ठाऊक आहे. तरी एका हाकेत त्याचे काम येते आणि दुसरीत तिचे बाईपणच येते, याचाही कधी विचार करावा.

आता शिवारात चला. भाताची लावणी, खुरपणी, कापसाची वेचणी ही कामे बहुतेक बायांची. चिखलात पोटरीभर पाण्यात दिवसभर वाकून रोपे लावायची, किंवा उन्हात कंबरेला ओटी बांधून एकेक बोंड वेचायचे, या कामाला आपण नाव दिले आहे ‘हलके काम’, आणि मजुरीही तशीच हलकी ठेवली आहे. काम हलके म्हणून बायांना मिळाले, की बाया करतात म्हणून हलके ठरले? ज्यांना शंका असेल त्यांनी एक दिवस पाठ वाकवून पाहावी. समान कामाला समान मोबदला द्यावा, असा कायदा 1976 साली झाला, आणि 2019 च्या वेतन संहितेतही तेच तत्त्व आहे. पण आपण चतुर! काम सारखे आहे असे कबूलच करायचे नाही, म्हणजे मजुरीही सारखी द्यावी लागत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या मंडळींत तर नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. तीही पहाटे फडात उतरते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, आणि खोपीवर येऊन भाकरी थापते. उचल मात्र बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. निम्मा कोयता तिचा, पण हिशेबात तिचे नाव शोधावे लागते.

ग्रामपंचायतीचे उदाहरण तर ताजे आहे. 73वी घटनादुरुस्ती 1993 साली अमलात आली आणि पंचायतीत स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखल्या गेल्या. महाराष्ट्रात 2011 साली हे प्रमाण निम्म्यावर आले. बाई सरपंच झाली. ती सभेत बोलली नाही तर आपण म्हणतो, “सही हिची, कारभार नवऱ्याचा.” ती बोलू लागली की म्हणतो, “फारच पुढे पुढे करते.” मग तिने करावे तरी काय? नवरे खुर्चीवर बसतात, हे काही गावांत घडते, मी नाकारीत नाही. पण पुरुष सरपंच भावाच्या किंवा गावातल्या पुढाऱ्याच्या सल्ल्याने चालतो, तेव्हा त्याच्यावर कोणी हसत नाही.

ही गोष्ट आजची नाही. 1882 साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे छोटेसे पुस्तक प्रसिद्ध केले. सुरतेकडच्या एका विधवेच्या खटल्याचे निमित्त झाले, आणि साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले जाऊ लागले. ताराबाईंनी उलट विचारले, की जे दोष तुम्ही आमच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय? प्रश्न साधा होता. त्याला सरळ उत्तर अजून मिळालेले नाही.

आणि खेड्यातल्या लोकांनाच बोल लावू नये. सी. बी. मुथम्मा या भारतीय परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या महिला अधिकारी; त्या 1949 साली सेवेत आल्या. त्या खात्याचा लेखी नियमच होता, की स्त्री अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची परवानगी घ्यावी, आणि संसारामुळे कामात बाधा येते असे सरकारला वाटले तर तिला राजीनामा द्यायला लावता येईल. संसार पुरुषालाही असतो. त्याच्यासाठी असा नियम नव्हता. बढती नाकारली गेली तेव्हा मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 1979 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आपल्या निकालात विचारले ते असे, की घरच्या जबाबदारीने स्त्रीच्या कामात अडथळा येत असेल, तर पुरुषाच्या कामात तो का येणार नाही? खटला चालू असतानाच त्यांना बढती मिळाली, आणि परवानगीचा तो नियमही गेला.

नियम कागदावर होता म्हणून खोडता आला. आपल्या मनातला नियम कागदावर नाही. तो कोणते न्यायालय खोडणार? तो ज्याचा त्यानेच खोडला पाहिजे.

कोणी म्हणेल, “मग बाईने चूक केली तरी बोलायचेच नाही की काय?” असे मी मुळीच म्हणत नाही. कामचुकार बाईही असते, उर्मट बाईही असते. तिला जरूर बोलावे. पण पुरुषाला बोलाल तेवढेच, आणि त्याच शब्दांत. सवलत नको आहे, माप एक हवे आहे. आणि हे मी भगिनींनाही सांगतो, कारण बाईला खाष्ट ठरवण्यात पुष्कळदा बायाच पुढे असतात.

यावर एक सोपी युक्ती आहे. एखाद्या बाईच्या कामाबद्दल काही बोलण्याआधी किंवा लिहिण्याआधी, तेच वाक्य तिच्या जागी पुरुषाचे नाव घालून मनाशी म्हणून पाहा. ते तसेच शोभले तर खुशाल बोला. हसू आले, किंवा शब्द बदलावासा वाटला, तर समजा की हातात दुसरे माप आहे. मला ही युक्ती वेळेवर सुचली असती तर बाईंचा अहवाल मी फाडून पुन्हा लिहिला असता.

शिक्षक बंधुभगिनींना एवढीच विनंती, की शाळेत पाहुणे आले म्हणजे चहा, रांगोळी आणि औक्षण बाईंकडे, आणि प्रास्ताविक व अधिकाऱ्यांशी बोलणे गुरुजींकडे, ही वाटणी एकदा उलटी करून पाहावी. मुले पुस्तकातला धडा विसरतात, पण कोणाला कोणते काम मिळाले हे विसरत नाहीत. आणि शेतकरी बंधूंनो, यंदा खुरपणीची मजुरी ठरवताना काम पाहा, हात कोणाचा ते पाहू नका.

त्या बाई आता निवृत्त आहेत. मी जाऊन त्यांची माफी मागितली. त्यांनी चहा दिला, घरच्या चौकश्या केल्या, आणि त्या गोष्टीविषयी एवढेच म्हणाल्या, “गुरुजी, आता नव्या मुली शाळेवर आल्यात. त्यांचे शेरे लिहिणाऱ्यांना सांगा.”

म्हणून आज आपल्यापुढे बोललो.